परवा उघडीप

झेंडा म्हणजे उशीचा जुना अभ्रा. तो लोंबला की वारा नाही, ताठ झाला की आहे, आणि काठीसकट गेला की मग विचारायचंच नाही.

अकरा मजली इमारतीत लिफ्टच्या दारावर पाटी: काम चालू आहे. जिन्याने जावे.

उत्कृष्ट अंदाजाबद्दल प्रशस्तिपत्रक. जाड कागद, सोनेरी कड, खाली दोन सह्या. त्यातली एक शिक्क्याची.

उजवा गुडघा: झीज मध्यम. जिने टाळावेत.

छापील चौकोन, वर लिहिलेलं ‘हंगाम’. रुंदी दोन बोटं. आत एकच शब्द मावेल.

चष्म्याची काच, मधोमध तडा.

एक वाक्य. त्यात शब्द दोन, क्रियापद नाही.

*

ही सगळी मोट बांधायची तर सुरुवात नोंदवालीपासून करावी लागेल. हे तिचं नाव नव्हे, पण कार्यालयात पडलं, तिथून नवऱ्याने उचललं, आणि आता नणंदासुद्धा फोनवर ‘नोंदवाली आहे का घरात’ असंच विचारतात. हवामान कार्यालयात तेहतीस वर्षं नोकरी करून तिने आभाळ फारसं पाहिलं नाही. खोली तळमजल्यावर, खिडक्या दोन, आणि दोन्ही शेजारच्या भिंतीवर उघडणाऱ्या. ठिकठिकाणचे लोक बिनतारी यंत्रावरून सांगायचे, ती वहीत लिहायची. अक्षर असं की छापखान्याने लाजावं. निवृत्त झाली त्याला तीन वर्षं झाली. तेव्हापासून दुपारी ती नवऱ्याच्या दुकानात बसते आणि पावत्या लिहिते.

नवरा चष्मेवाला. दुकान अरुंद, आत आरसे चार, त्यामुळे एक गिऱ्हाईक आलं तरी गर्दी झाल्यासारखी वाटते.

लेक एकतीस वर्षांची, लिफ्ट दुरुस्त करणारी. दिवसभर विहिरीसारख्या खोल पोकळीत पट्ट्याला लटकून काम करायची आणि सुट्टी मिळाली की डोंगर चढायला जायची. हे वेड तिच्यात कुठून आलं, याचा घरात कधी पत्ता लागला नाही. चष्मेवाला म्हणायचा, “आमच्या घराण्यात सगळ्यांत उंच चढलेला माणूस म्हणजे माझे वडील. तेही माळ्यावर, आणि उतरवायला चार जण लागले.”

आता डोंगराचं. तो उंच डोंगर कित्येक वर्षं बंद होता. त्या बाजूला कुणाला जाऊच देत नसत. यंदा खुला झाला. नियम असा की प्रत्येक चमूने हंगाम एकच निवडायचा, पावसाआधीचा किंवा पावसानंतरचा, आणि एकदा परवानगी घेतली की पुढची तीन वर्षांनी. अर्ज देण्याची शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाच.

चढणाऱ्यांमध्ये लगेच दोन तट पडले. पावसाआधीवाले म्हणत, मे महिन्यात दिवस मोठा, थंडी कमी. पावसानंतरवाले म्हणत, ऑक्टोबरात आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. चढून पाहिलेलं कुणीच नव्हतं, त्यामुळे दोन्हीकडचे लोक अगदी ठामपणे बोलत होते.

लेक आपल्या चमूची म्होरकी, पण कुठल्याच तटात गेली नाही. घरी आली, बूट काढले आणि म्हणाली, “आई, तू सांग. तुझ्याकडे सव्वीस वर्षं आहेत.”

*

सव्वीस वर्षं म्हणजे सव्वीस वह्या. त्या डोंगराच्या पायथ्याशी, बर्फ सुरू होतो तिथे, एक चौकी होती, आणि चौकीत एक माणूस. तिथलं आभाळ पाहणारा तेवढाच. तो पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाला; मग तिथे यंत्र बसवलं, ते पहिल्याच हिवाळ्यात मोडलं. म्हणजे डोंगराबद्दल जे काही कुणाला माहीत होतं ते चौकीवाल्याने पाहिलेलं आणि नोंदवालीने लिहिलेलं.

“ताई, वरून.”

“दादा, ऐकतेय.”

“परवा उघडीप.”

“मिळालं. तब्येत?”

“खोकला.”

“आलं चघळा.”

“संपलं.”

एवढंच. चौकीतली बॅटरी दीड मिनिटाच्या वर दम धरायची नाही, म्हणून दोघांनी निरोपातली क्रियापदं कधीच सोडून दिली होती. आभाळ खुललं तर ‘परवा उघडीप’. वारा सुटला तर ‘परवा वारा’. खाली सगळ्यांना घाई असायची ती वर सामान पाठवायची. खेचरं कधी सोडायची, आभाळ कधी उघडेल, हाच प्रश्न. म्हणून वरचा माणूस परवाबद्दल बोलतो म्हणजे येणाऱ्या परवाबद्दल बोलतो, यात नोंदवालीला कधी शंका आली नाही. निरोप दहा तारखेला आला की ती वहीची दोन पानं पुढे उलटायची आणि बारा तारखेवर सुवाच्य अक्षरात लिहायची: उघडीप.

माणूस आभाळ वाचतो, असा त्याचा लौकिक झाला. प्रशस्तिपत्रक मिळालं ते त्यामुळेच.

आणि या वह्यांतूनच नोंदवालीने एक शोध लावला होता. शहरातून रोज फुगा सोडून वरच्या हवेतला वारा मोजत. त्या तारखा पक्क्या. दरवर्षी सोळा ऑक्टोबरच्या आसपास वरचा वारा अंगावर येई. पण चौकीच्या वहीत उघडीप बारापासून वीसपर्यंत असायची. म्हणजे वारा सुटल्यावरही चार दिवस डोंगर शांत. याचं कारण काय? तिने डोकं खाजवलं आणि उत्तर काढलं: आडोसा. डोंगराचा आकारच असा असणार की वारा वळसा घालून जातो आणि चार दिवसांनी त्याला वाट सापडते. तिने यावर दीड पानाचं टिपण लिहिलं. साहेबांना ते आवडलं. कार्यालयात त्याला नाव पडलं, ‘बाईंचे चार दिवस’.

तेहतीस वर्षं दुसऱ्यांनी सांगितलेलं लिहिलं. स्वतःच्या डोक्यातून निघालेलं एवढंच. ते टिपण तिने कपाटात साड्यांखाली ठेवलं होतं.

हे चार दिवस सोन्याचे होते. कारण पावसात वर जे बर्फ पडतं ते ऑक्टोबरच्या तेरा-चौदापर्यंत भुसभुशीत असतं, पाय ठेवला की सगळा उतार सुटतो. ते बसलेलं, आणि वारा अजून यायचा. अशी फट चौदा ते वीस, त्यातले शेवटचे चार दिवस आडोशाचे. मे महिन्यात उलट गोष्ट: वहीत उघडीप दहापासून एकोणीसपर्यंत दिसायची, पण सोळालाच खालून पावसाचे ढग चढायला लागायचे. उघडीप म्हणायची आणि ढगात चाचपडायचं; ती नक्की कुठवरची, याचा भरवसा नाही.

“पावसानंतर,” तिने लेकीला सांगितलं. “माथा सतरा नाहीतर अठरा ऑक्टोबरला.”

“खात्री?”

“सव्वीस वर्षांची.”

लेकीने तारखा भिंतीवर लिहिल्या आणि त्याप्रमाणे दोर, तंबू, दिवस, सगळं आखायला घेतलं. नोंदवालीला अभिमान वाटला आणि धास्तीही. आतापर्यंत तिच्या नोंदीवर फार तर खेचरं गेली होती. आता पोटची पोर जाणार होती.

*

शुक्रवार, दुपारी एक.

चौकीवाला दुकानात आला तो डोळे तपासायच्या निमित्ताने. नोंदवालीनेच पत्र लिहून कळवलं होतं, शहरात आलात की या, लेकीला चार गोष्टी सांगा. सव्वीस वर्षं एकमेकांचा खोकला ओळखणारी ही दोघं भेटत होती पहिल्यांदा. आवाजाच्या मानाने माणूस बुटका निघाला. हातात कापडी पिशवी, नाकावर तडकलेला चष्मा.

“ताई, तुम्ही होय,” तो म्हणाला. “मला वाटलं उंच असाल.”

“मलाही तुम्ही उंच वाटला होतात.”

“वर होतो म्हणून.”

पावती पुस्तक पुढ्यात ओढून ती बसली. चष्मेवाल्याने चष्मा हातात घेतला, उजेडासमोर धरला. त्याच्या ओठांत दोन बारीक स्क्रू होते, त्यामुळे तोही त्या वेळी क्रियापदं वापरण्याच्या अवस्थेत नव्हता.

“कधी?” त्याने विचारलं.

“परवा.”

चष्मेवाल्याने मान डोलावली आणि बायकोला म्हणाला, “लिही. परवा, रविवार.” मग स्क्रू तळहातावर काढून चौकीवाल्याला म्हणाला, “रविवारी दुकान बंद असतं. पण तुमच्यासाठी उघडतो. तुम्ही घरचेच.”

“रविवारी मी कशाला येऊ?”

“चष्मा न्यायला.”

“मी बुधवारचं सांगतोय. बुधवारी बसमध्ये फुटला.”

“मी विचारलं, कधी हवाय.”

“तुम्ही विचारलं, कधी.”

“मग परवा म्हणालात ना.”

“परवाच फुटला ना.”

दोघंही हसायला लागले. चष्मेवाल्याने डोळे पुसले. नोंदवाली मात्र हसत नव्हती. तिने ‘परवा, रविवार’ असं लिहिलं होतं, आपल्या त्याच सुवाच्य अक्षरात, आणि पेन कागदावरून उचलायचं राहून गेलं होतं. शाईचा ठिपका मोठा होत चालला होता.

“दादा,” ती म्हणाली, “तुम्ही वरून सांगायचात, परवा उघडीप.”

“हो.”

“ती झालेली, की व्हायची?”

चौकीवाल्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग चष्मेवाल्याकडे, बाईंना बरं वाटतंय ना, अशा नजरेने. “व्हायची मी कशी सांगणार? मी चौकीवाला. ज्योतिषी नव्हे.”

“मग परवाची का? कालची का नाही, आजची का नाही?”

“नियम होता ना, ताई. डोंगरावर आभाळ सकाळी उघडतं आणि दुपारी तोंड फिरवतं. साहेबांनी बजावलं होतं, फसवी उघडीप खाली पाठवायची नाही. दोन दिवस टिकली तरच कळवायचं. म्हणून मी अभ्र्याकडे बघत बसायचो. दोन दिवस लोंबता राहिला की तिसऱ्या दिवशी तुम्हाला निरोप.”

“वाऱ्याचंही तसंच?”

“वाऱ्याचंही तसंच.”

“आणि ते प्रशस्तिपत्रक? उत्कृष्ट अंदाजाचं?”

“मला वाटलं निवृत्त झालं की सगळ्यांनाच देतात.” तो जरा ओशाळला. “गावात पंचाईत झाली त्याने. लोक छप्पर शाकारायचं तर तारीख मला विचारतात. दोनदा बरोबर आली, आता सुटका नाही.”

चष्मेवाला हळूच म्हणाला, “ध चा मा ऐकला होता. इथे तर परवाचाच परवा झाला.”

नोंदवालीला खेचरवाला आठवला. तो वर्षानुवर्षं कुरकुरायचा, बाई, तुमची उघडीप शिळी असते, आम्ही पोचेपर्यंत संपत आलेली असते. त्याला तिने कामचुकार ठरवलं होतं. तेही लेखी.

पावतीच्या पाठीवर तिने हिशेब मांडला. दोन दिवस मागे जायचं ते आपण दोन दिवस पुढे गेलो. चूक चार दिवसांची. बारा ते वीस नव्हे; आठ ते सोळा. सोळाला फुग्याचा वारा येतो, आणि सोळालाच डोंगरावरची उघडीप संपते. आडोसा नाही, वळसा नाही, वाट सापडणं नाही. बाईंचे चार दिवस जगात कधी नव्हतेच. ते एका शब्दाच्या पोटात होते.

आणि सतरा ऑक्टोबरला लेक माथ्यावर.

“फॉर्म?” चष्मेवाल्याने विचारलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं उतरलं नव्हतं आणि खाली मात्र रंग गेला होता.

“आज देणार म्हणाली होती.”

फोन लावला. वाजत राहिला. कामावर असताना लेकीचा फोन खाली पिशवीत असतो. पोकळीत पडला तर अकरा मजले खाली जातो, म्हणून.

नोंदवाली उठली. चष्मेवाला म्हणाला, मी जातो, तुझे गुडघे. ती म्हणाली, “चूक माझी, गुडघेही माझे. तुम्ही दादांना जेवायला घाला.”

*

तळमजला. पहारेकरी म्हणाला, बाई, लिफ्ट बंद आहे. ती म्हणाली, माहीत आहे, माझ्याच लेकीने बंद केलीय.

पहिला. काही नाही.

दुसरा. कुणाच्या तरी दारापाशी ओली छत्री.

चौथा. तिसरा कधी गेला ते कळलं नाही. गुडघ्याने पहिल्यांदा तोंड उघडलं.

पाचवा. दोन तरुण खाली उतरत होते. “आजी, सावकाश.” आजी म्हटल्याचा राग यायलाही दम लागतो.

सहावा. भिंतीला टेकली. डोक्यात एकच: तिने आधीच दिला असेल तर? शिक्का पडला असेल तर? मग पोरीला सांगायचं, जाऊच नकोस. आणि ती ऐकेल? भिंतीवर आईच्या तारखा लिहिल्यात. आईवर विश्वास ठेवू नकोस हे आईनेच सांगायचं, आणि तेही पोरीने ऐकायला हवं.

आठवा. लोक उंच डोंगर का चढतात हे तिला कधी समजलं नव्हतं. आताही समजलं नाही.

नववा. बसली.

नववा. उठली.

अकरावा, आणि त्याच्याही वर लोखंडी शिडीच्या सात पायऱ्या. यंत्राच्या खोलीचं दार उघडं. लेक जमिनीवर मांडी घालून बसलेली, कोपरापर्यंत ग्रीस, तोंडात पोळीचा घास.

“आई? तू चढून आलीस?”

नोंदवालीला बोलायला दोन मिनिटं लागली. लेकीने पाणी दिलं, खोक्यावर बसवलं, पाठीवरून हात फिरवला. साडीला ग्रीस लागलं ते दोघींच्या लक्षात आलं नाही.

“फॉर्म,” नोंदवाली म्हणाली.

“दिला की. सकाळी दहालाच.”

नोंदवालीने डोळे मिटले.

“काय झालं? बाबांना काही...”

“नाही. ते चार दिवस नाहीत.”

“कुठले?”

“माझे. सोळा ते वीस. नव्हतेच कधी.” आणि तिने सांगितलं: चष्मा, बुधवार, रविवार, अभ्रा, दोन दिवसांचा नियम. बोलताना ती लेकीकडे पाहत नव्हती, भिंतीवरच्या मोटरकडे पाहत होती. शेवटी म्हणाली, “मला तो माणूस आभाळ वाचतो असं वाटायचं. तो बिचारा फक्त बघत होता. वाचत मी होते, तेही उलटं.”

लेकीने हात फडक्याला पुसले. मग बोटांवर मोजायला लागली. “म्हणजे ऑक्टोबरात आठ ते सोळा. त्यात चौदापर्यंत बर्फ कच्चं. म्हणजे दोन दिवस.”

“दोन. फार तर.”

“आणि मे? तिथेही चार मागे?”

नोंदवालीने मान वर केली. जिना चढताना तिच्या डोक्यात फक्त सतरा ऑक्टोबर होता. मे महिन्यापर्यंत ती पोचलीच नव्हती. दहा ते एकोणीस. चार मागे. सहा ते पंधरा. आणि ढग सोळाला.

“दहा दिवस,” ती म्हणाली. “अख्खे. ढगांच्या आधी.”

“म्हणजे मे.”

“म्हणजे मे. पण तू फॉर्म दिलास.”

“आई, पाचपर्यंत बदलता येतो. खिडकीवर पाटीच आहे. फक्त कारण लिहावं लागतं.” लेकीने उरलेली पोळी गुंडाळून तोंडात कोंबली आणि भरल्या तोंडाने म्हणाली, “तू अकरा मजले हे विचारत चढलीस की काय, आता हिला कसं सांगू?”

“सहाव्यापासून.”

“आणि आधीचे पाच?”

“आधीचे पाच नुसतीच घाबरले होते.”

नोंदवालीचा जीव भांड्यात पडला तो इथे, यंत्राच्या खोलीत, ग्रीसच्या वासात. लेकीने कुठलीशी कळ दाबली, खाली पोकळीत काहीतरी घरघरलं, आणि ती म्हणाली, “चल, तुला पहिली सवारी. दुरुस्त झालीय बहुतेक.”

“बहुतेक?”

“मी असते ना बरोबर.”

*

खिडकीवरचा कारकून. अर्ज शोधला. सापडला. ‘पावसानंतर’वर आडवी रेघ, वर ‘पावसाआधी’; चौकोन दोन बोटांचा, म्हणून शब्द बाहेर सांडला.

“बदलाचं कारण. एका ओळीत.”

लेकीने पेन आईकडे दिलं. नोंदवालीने लिहिलं: ‘परवा’ या शब्दाचा अर्थ उलटा लावला होता.

कारकुनाने वाचलं. पुन्हा वाचलं. “कधी?” त्याने विचारलं.

दोघी एकमेकींकडे पाहून असं हसायला लागल्या की मागच्या रांगेतल्या माणसाने विचारलं, अर्ज मंजूर झाला वाटतं. कारकुनाने शिक्का मारला. चार वाजून दहा मिनिटं.

*

पुढचे काही आठवडे नोंदवालीने एकच काम केलं. टिपण साड्यांखालून काढलं आणि त्यावर आडवी रेघ मारली. पावसानंतरचा हंगाम घेतलेल्या प्रत्येक चमूला पत्र लिहिलं: सोळाच्या आत खाली या, माझे चार दिवस खोटे आहेत. मग जुन्या कार्यालयात जाऊन सव्वीस वह्या मागवल्या आणि पानापानाला चिठ्ठी लावत बसली, ‘तारीख चार दिवस अलीकडे वाचावी’. चिठ्ठ्यांना कागद दुकानातल्या पावत्यांचा, त्यामुळे प्रत्येकीच्या मागे चष्म्याची जाहिरात आली. नव्या साहेबाने विचारलं, बाई, हे सगळं कशाला, आता कोण वाचतंय. ती म्हणाली, “माझ्या लेकीने वाचलं.”

पहिल्या वहीतली पहिली तीन महिन्यांची पानं दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात होती. तिथल्या तारखा आधीच बरोबर होत्या, एकही चिठ्ठी लावावी लागली नाही.

चौकीवाल्याचा चष्मा सोमवारी झाला. घेऊन जाताना त्याने विचारलं, ते प्रशस्तिपत्रक परत करू का. नोंदवाली म्हणाली, “ठेवा. सव्वीस वर्षांत तुमची एकही तारीख चुकली नाही, असं लिहायला हवं होतं. कागद तोच चालेल.”

*

सतरा ऑक्टोबर. चौकीत आता पुन्हा माणूस बसला आहे, तरुण, आणि तो तारीख आकड्यात सांगतो. नोंदवालीने सकाळी कार्यालयात फोन करून विचारलं. निरोप आला होता: सतरा तारीख, सकाळी सात, वारा, चौकीच्या छपराचे दोन पत्रे गेले, वर गेलेले दोन्ही चमू तेरा तारखेलाच बर्फ पाहून परतले, सगळे खाली, सगळे बरे.

तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेली. तिथे लेक ओट्याखाली अर्धी आत घुसून गळका नळ दुरुस्त करत होती. बाहेर फक्त पाय दिसत होते, एका मोज्याला भोक.

“पाना दे,” आतून आवाज आला.

“हा?”

“तो छोटा.”

नोंदवालीने छोटा पाना दिला. मग स्टूल ओढून तिथेच बसली आणि मोज्यातून बाहेर आलेला अंगठा बघत राहिली. चष्मेवाला दारातून डोकावला. “काय बघतेस?”

“उघडीप,” ती म्हणाली.

“कधीची?”

“आत्ताची. आजची. सतरा तारखेची.”

“आई, दिवा धर,” आतून लेक म्हणाली, “आणि बाबांना सांग, तुमच्या वडिलांनी बसवलेला नळ आहे हा. माळ्यावर चढायच्या आधी नीट आवळायला हवा होता.”

*

पुढच्या वर्षी मे महिन्यात लेक गेली. नऊ तारखेला माथ्यावर होती, चौदाला पायथ्याशी, अठराला घरी. नाकाचं कातडं सोललेलं, वजन कमी, भूक दुप्पट. तिला वर काय दिसलं ते चष्मेवाल्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती म्हणाली, “वारा नव्हता.” आणि पुन्हा ताटाकडे वळली.

*

उघडीप दोन दिवस टिकली तरच कळवायची, हा नियम चौकी सुरू झाली तेव्हा हवामान कार्यालयात एका सोमवारी वाचून दाखवला गेला. नोंदवाली तेव्हा रजेवर होती. लेक नऊ दिवसांची होती.